क्यू सपाटच येणार

प्रिय,

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. चार ऑडिशन्स झाल्या, एकाही ठिकाणाहून उलट फोन नाही, आणि तू विचारतेस, "दादा, माझं चुकतंय कुठे?" तुझं काम बघितल्याशिवाय कसं सांगू? पण मध्यंतरी नाटकं नव्हती तेव्हा दोन वर्षं मी एका कास्टिंगवाल्याकडे कॅमेऱ्याशेजारी उभा राहून येणाऱ्यांना क्यू देत होतो, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं वाचून दाखवत होतो. तिथून जे दिसलं ते लिहितो.

क्यू देणारा सपाट वाचतो. सकाळपासून "मग तू गेलीसच कशाला?" हे एकच वाक्य चाळीस वेळा म्हटल्यावर कुणाचाही जीव त्यात उरत नाही. एकांकिकेत समोरचा नट तुला पेटवतो. इथे तो वाण्याची यादी वाचल्यासारखा बोलतो आणि बहुतेक जण इथेच गळतात. त्याचं वाक्य कधी संपतंय याची वाट बघत उभे राहतात. काही जण तर त्याचीही वाक्यं ओठांत पुटपुटतात, ते कॅमेऱ्यात लख्ख दिसतं. म्हणून सीन हातात आला की आधी समोरच्याची वाक्यं वाच. तो काय मागतोय आणि तू ते का देत नाहीयेस, एवढं पक्कं झालं की त्याने कसंही वाचू दे, तुला ऐकू येईल.

पाठांतर चोख हवं, पण वाक्याची चाल पाठ करू नकोस. माझीच फजिती सांगतो. एका मालिकेसाठी मुलाला घराबाहेर काढणाऱ्या बापाचा सीन होता. आठवडाभर आरशासमोर घोटला होता. आवाज कुठे फुटणार हेसुद्धा ठरलेलं. पहिला टेक झाल्यावर दिग्दर्शक म्हणाले, "छान. आता हेच मेथी निवडता निवडता बोला. चिडायचं नाही." मेथी नव्हतीच, नुसते हात चालवायचे होते. हात चालले की वाक्य अडायचं, वाक्य आलं की हात थांबायचे. तिसऱ्या खेपेला पुढचं वाक्यच गेलं. येताना अंधेरी स्टेशनबाहेरून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि घरी बसून तोच सीन म्हणत निवडल्या. बायकोला वाटलं, सुधारला. तेव्हापासून सीन पाठ करताना मी भांडी घासतो, कपडे वाळत घालतो. तूही कर. आणि "वेगळं करून दाखव" म्हणाले तर पहिलं फसलं असं समजू नकोस. नको असलेल्या माणसावर दुसरा टेक कुणी खर्च करत नाही.

तुझा आवाज सांगलीच्या भावे नाट्यमंदिराच्या शेवटच्या रांगेसाठी घडलाय. कॅमेरा पाच फुटांवर असतो. सुरू करण्याआधी "फ्रेम कुठवर आहे?" असं सरळ विचार. छातीपर्यंत असेल तर हातवारे वाया जातात आणि मान जरा हलली तरी ती हालचाल मोठी दिसते. परिचय देताना लेन्सकडे बघायचं, सीनमध्ये क्यू देणाऱ्याकडे. परिचयात नाव, वय, उंची, दोन्ही बाजूंनी चेहरा (प्रोफाइल), झालं. उंची दोन इंच वाढवून सांगू नकोस, स्कूटर येत नसेल तर येते म्हणू नकोस. सेटवर स्कूटर उभी असते.

तुझ्या बोलण्यात गावाकडचा हेल आहे असं कुणीतरी म्हणालं, ते तू फार मनाला लावून घेतलेलं दिसतं. ज्यांना मराठी रंगभूमीचे जनक म्हणतात त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली नाटक उभं केलं ते सांगलीतच. हेल पुसू नकोस, त्याच्या शेजारी दुसरी बोली बसव. मागतील ती काढता आली पाहिजे.

घरून व्हिडिओ पाठवायचा असेल तर फोन आडवा, खिडकी तोंडासमोर, पंखा बंद. घामाची काळजी टेक संपल्यावर. क्यू देणाऱ्या मैत्रिणीला फोनपासून लांब उभी कर, नाहीतर तिचाच आवाज मोठा येतो. मागे संगीत वगैरे घालू नकोस, बाई.

आरामनगरला, म्हणजे वर्सोव्यात जिथे ऑडिशन्स चालतात तिथे, जाशील तेव्हा अर्धा तास आधी पोच. पाण्याची बाटली आणि डबा जवळ ठेव, रांगेत चार तासही जातात. दारातच "नॉट फिट" ऐकू आलं तर ते वयाला, उंचीला, चेहऱ्याच्या ठेवणीला असतं, अभिनय अजून कुणी पाहिलेलाच नसतो.

पैशाचं मात्र नीट ऐक. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. रजिस्ट्रेशन, आर्टिस्ट कार्ड, "आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ", काहीही नाव असो, पैसे मागितले की उठायचं. काम मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरचं कमिशन असतं, पण ते काम होऊन तुझे पैसे हातात आल्यावर. रात्री हॉटेलवर "मीटिंग" ठेवणाऱ्याला दिवसा ऑफिसात भेटते म्हणून सांग. खरं काम असेल तर दिवसाही टिकतं. आणि काम मिळालं तरी मालिकेचे पैसे हातात यायला नव्वद दिवस लागतात हे धरून चाल. तोवरच्या भाड्याची सोय आधी कर. शिकवण्या सोडू नकोस.

एक वही कर. तारीख, भूमिका, ऑडिशन कुणी घेतली, काय बदल सांगितला आणि अंगावर काय होतं. कपड्यांचं हसू नकोस. दुसऱ्यांदा बोलावलं तर तेच घालून जायचं. आत बसलेल्यांना नावं आठवत नाहीत, "ती निळ्या कुर्त्यातली" आठवते.

शुक्रवारच्या ऑडिशनचा सीन आला की फोन कर, रात्री दहानंतर मी मोकळा असतो. क्यू मी देतो. सपाटच देईन.

तुझा,
दादा