नवे सेल घातले तरी टीव्हीचा रिमोट चालत नाही, काय करू?

लगेच नवा रिमोट आणू नका. आधी मोबाइलचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट बहुतेक ठीक आहे, दोष टीव्हीकडे शोधा. हा इन्फ्रारेड उजेड डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. (मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फी कॅमेऱ्यात बघा, त्यात बहुधा दिसतो.)

ठिपका नाहीच दिसला तर सेलच्या कप्प्यातली स्प्रिंग नीट बघा. आमच्या रिमोटमध्ये जुना सेल पाझरून तिच्यावर हिरवट-पांढरा थर बसला होता. कान साफ करायच्या काडीला लिंबाचा रस लावून घासलं, मग ओल्या काडीने पुसून पूर्ण वाळवलं. दहा मिनिटांत रिमोट सुरू!

एखाद-दुसरंच बटण अडत असेल, तर रिमोट उघडून रबराच्या पॅडखालची काळी टिकली आणि सर्किटवरची तिची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसा. तिथे हाताचं तेल आणि धूळ साचते. खोबरेल तेल मात्र कृपा करून घालू नका. आणि जुना-नवा सेल एकत्र वापरू नका, पाझरण्याची सुरुवात बरेचदा तिथूनच होते.