अमेरिकन आर्किटेक्ट ज्युलिया मॉर्गनने स्वतःचे नकाशे जाळले, तर तिच्या कागदपत्रांचा संग्रह आला कुठून? आणि आपल्याकडे अशा बायकांचं काही जपलंय का?

भाच्याच्या घरातून आला. तुम्हाला एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. पुढचं मी माझ्या डोक्याचा ताप उतरवायला लिहितेय.

थोडं नीट सांगते. ज्युलियाने सॅन फ्रान्सिस्कोतलं ऑफिस १९५१ मध्ये बंद केलं तेव्हा ती ऐंशीला टेकली होती. जुन्या गिऱ्हाइकांना आपापले नकाशे घेऊन जा म्हणून कळवलं आणि उरलेल्यातलं बरंच जाळून टाकलं, असं सांगतात. पण ऑफिसातलं गेलं तरी सगळं गेलं नाही. काही नकाशे, फोटो, आणि मुख्य म्हणजे वर्तमानपत्रवाल्या हर्स्टबरोबरचा पत्रव्यवहार मागे राहिला. १९५७ ला ती वारली. बहिणीच्या मुलाच्या घरी हे सगळं राहिलं आणि त्या घरच्यांनी ते सॅन लुइस ओबिस्पोच्या कॅल पॉली विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिलं. सॅन सिमिऑनच्या टेकडीवरचा हर्स्टचा वाडा त्याच जिल्ह्यात. १९१९ ते १९४७, अठ्ठावीस वर्षं त्या एका टेकडीवर तिचं काम चालू होतं. पोहायचा तलाव बांधून झाला की गिऱ्हाईक म्हणणार, आणखी मोठा हवा. तो तीनदा बांधला. मी एकदाच एका गृहस्थाचा जिना दोनदा फिरवला आणि तिसऱ्या वेळी पैसे न घेता काम सोडलं.

का जाळले, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. माझं मत विचाराल तर तिचे होते, तिने जाळले. हयातभरात सातशेच्या आसपास इमारती उभ्या केल्या, प्रसिद्धीला कधी हुंगलं नाही, आणि जाताना स्वतःची आवराआवर स्वतः करून गेली. यात हळहळण्यासारखं मला काही दिसत नाही. हळहळायचं ते दुसऱ्याने परस्पर टाकलं तर. इथून माझी गोष्ट सुरू होते.

माझं माहेर बेळगावात, शहापूरला. १९८५ ला सिव्हिलचा डिप्लोमा करून मी गावातल्याच एका इंजिनिअरच्या ऑफिसात ड्राफ्टिंगला, म्हणजे नकाशे काढायला, लागले. महिना साडेतीनशे. माझ्याच बॅचचा मुलगा, ज्याला सेक्शन (इमारतीचा उभा छेद) काढताना मला विचारावं लागायचं, त्याला पाचशे. विचारलं तर सर म्हणाले, "त्याला घर चालवायचंय." ज्युलिया सुरुवातीला ज्याच्या हाताखाली होती तो जॉन गॅलन हॉवर्ड म्हणे मोठ्या कौतुकाने सांगत असे, की माझ्याकडे फार उत्तम ड्राफ्ट्समन आहे आणि बाई असल्यामुळे तिला जवळजवळ काहीच द्यावं लागत नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसले होते. तो कॅलिफोर्निया, हे बेळगावचं खडेबाजार, आणि मध्ये ऐंशी वर्षं.

(तिने त्याची नोकरी सोडून १९०४ ला स्वतःचं लायसन घेतलं, कॅलिफोर्नियातली पहिली बाई. त्याच वर्षी मिल्स कॉलेजचं ७२ फुटी घंटाघर काँक्रीटमध्ये उभं केलं. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोचा बहुतेक भाग उद्ध्वस्त झाला, पण ते घंटाघर उभं राहिलं. मग कामं आपोआप आली.)

१९८७ ला वडगावातल्या एका विणकर घराचं काम आलं. तोवर निम्म्या गल्लीत पॉवरलूम खडखडायला लागले होते, पण त्या घरात अजून दोन खड्डामाग चालू होते. मी नेहमीसारखी खिडकी काढली, तीन फुटांवर सिल (खालची कड), सात फुटांवर लिंटेल (वरची). त्या घरच्या मावशी नकाशा बघायला आल्या. नकाशा त्यांना वाचता येत नव्हता. त्यांनी मला घरी नेलं आणि मागावर बसवलं. पाय खड्ड्यात, बूड जमिनीला टेकलेलं. समोर ताण्याचे धागे, आणि मला एकही धागा धड दिसेना. "बघ की आता," त्या म्हणाल्या, "उजेड सगळा डोक्यावरनं जातोय."

खड्डामागावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून अडीच फुटांवर असतात. तीन फुटांवरची खिडकी त्याच्या काय कामाची? मी सिल दीड फुटावर आणलं आणि खिडकी उत्तरेला फिरवली, म्हणजे ऊन सुतावर पडणार नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहील. सरांनी लाल पेनाने फुली मारली. मी परत दीड फूट काढलं. परत फुली. तिसऱ्यांदा मावशीच ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, पैसे मी देते, खिडकी ही पोरगी म्हणतीय तशी होऊ दे. झाली तशी. ट्रेसिंगवर, म्हणजे नकाशा काढायच्या अर्धपारदर्शक कागदावर, तीनदा ब्लेडने खरवडलेली ती जागा बोटाला खरखरीत लागायची. टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे नकाशाच्या नावाच्या चौकटीत, सही सरांची. खाली 'ड्रॉन बाय'च्या बारक्या चौकटीत माझी दोन आद्याक्षरं.

पुढे लग्न झालं, टिळकवाडीत आले. सरांनी ऑफिस आवरताना माझ्या हातच्या ट्रेसिंग मला देऊन टाकल्या, तेवढं मात्र त्यांचं मोठेपण. सव्वीस शीट. पत्र्याचं झाकणवालं नळकांडं करून घेतलं आणि माहेरच्या माळ्यावर ठेवलं, कारण सासरी माळा नव्हता.

२००९ ला त्या मावशींचा नातू आला. वर मजला चढवायचा होता. मावशींनी ट्रंकेत जपलेला नकाशा त्याने आणला होता, मोडीतल्या खरेदीखताच्या घडीत घातलेला. अमोनिया प्रिंट ती, म्हणजे ट्रेसिंगवरून अमोनियाच्या वाफेने काढलेली नक्कल, आठ घड्या, रेघा पार उडून कागद चहाच्या डागासारखा झालेला. बुजवलेले मागाचे खड्डे नक्की कुठे होते ते त्याला कळत नव्हतं. म्हटलं थांब, मूळ ट्रेसिंग आहे माझ्याकडे.

माळ्यावर नळकांडं नव्हतं. ते खाली होतं, गणपतीच्या सजावटीच्या काठ्या आणि झिरमिळ्या भरून. दादाने ट्रेसिंग आदल्या दिवाळीला रद्दीत घातल्या होत्या. नळकांडं चांगलं होतं म्हणून ठेवून घेतलं!

त्या नातवाने अंदाजाने कॉलम धरला आणि फुटिंग (कॉलमचा पाया) बरोबर खड्ड्याच्या भरावावर आलं. बुजवलेली विटांची रोडी आणि राख. सगळं उकरून कठीण जमीन लागेपर्यंत खाली जावं लागलं, वरचा खर्च त्याच्या माथी. दादाचं म्हणणं तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे, "घर उभं आहे की गे. कागद काय करायचेत?" त्यावरही मी गप्प बसले असते. पण तो पुढे म्हणाला, "आणि सही तरी तुझी होती काय त्यावर?"

आमच्या बेळगावात कागद टाकणारं एक घर दाखवा मला. १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो तेव्हापासून घरटी एक ट्रंक आहे. आजोबांचा मराठी शाळेचा दाखला, सिटी सर्व्हेचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या. कोण कधी काय पुरावा मागेल याचा भरवसा नाही, म्हणून सगळं ठेवायचं. दादाकडे एका शेताची १९३१ ची पावती आहे. ते शेत विकून चाळीस वर्षं झाली. पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर कडुनिंबाचा पाला. बहिणीच्या हातची सव्वीस शीट मात्र किलोच्या भावाने.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं, तरी नावं सांगते. पेरीन मिस्त्री १९३६ ला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून आर्किटेक्ट झाल्या. भारतातल्या पहिल्या स्त्री आर्किटेक्ट म्हणून त्यांचंच नाव घेतात, आणि त्या वडिलांच्याच फर्ममध्ये काम करायच्या. त्याच फर्ममध्ये उमेदवारी केलेली सिलोनची (आताच्या श्रीलंकेची) मिनेट डी सिल्वा मला जास्त जवळची. गांधीजींच्या सुटकेसाठीच्या मोर्चात गेली म्हणून जे. जे. ने माफी मागायला सांगितलं, हिने मागितली नाही, काढून टाकलं. मग बंगळूरला आर्किटेक्ट ओटो कोनिग्सबर्गरच्या हाताखाली काम केलं. १९४८ ला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सची सभासद झाली, आशियातली पहिली बाई. कँडीजवळच्या वाटापुलुवाच्या वसाहतीसाठी तिने राहायला येणाऱ्या लोकांना आधी विचारून घेतलं, कसं घर हवं, घरात कोण कोण आहे, आणि मग रेघ मारली. म्हणजे तीही मागावर बसली होती! १९९८ ला ती गेली. शेवटच्या काळात हाताशी उरलेली पत्रं, फोटो, रेखाटनं जुळवून स्वतःचं पुस्तक स्वतःच करत बसली होती. तिचं कँडीतलं घर पडकं झालं.

व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १९८५ पासून जगभरच्या स्त्री आर्किटेक्टांच्या कागदांचा संग्रह आहे. मिल्का ब्लिझ्नाकोव नावाच्या प्राध्यापिकेने तो सुरू केला, कारण या बायकांचे कागद त्यांच्या माघारी कचऱ्यात जात होते. म्हणजे दादा सगळीकडे आहेत.

तुमच्या घरात असं काही असेल तर ट्रेसिंगला घडी घालू नका, सुती कापडात गुंडाळा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. अमोनिया प्रिंट अंधारात आणि वेगळी ठेवा, निळ्या ब्लूप्रिंटबरोबर एका पिशवीत नको. सगळ्यात आधी स्कॅन करा. आमच्या बेळगावजवळच्या खानापूरकडे राहत असाल तर पावसाळ्यात माळा विसरा, ओल आणि वाळवी दोन्ही तिथेच येतात.

एक आधी सांगायला हवं होतं. मी आर्किटेक्ट नाही, डिप्लोमावाली आहे. १९७२ च्या आर्किटेक्ट कायद्याने मला तो शब्द लावता येत नाही, आणि ज्युलियाशी बरोबरी करण्याइतकी मी खुळी नाही. दादाबद्दलही एक खरं आहे. डिप्लोमाची फी त्यानेच भरली होती, वडिलांचा विरोध असताना.

मागच्या महिन्यात मी त्या वडगावच्या घरी गेले होते. माग गेले, पण खिडकी अजून दीड फुटावरच आहे. नातवाची मुलगी खाली सतरंजीवर बसून तिच्या उजेडात अभ्यास करत होती. मी टेप लावून माप घेतलं, घरी येऊन ती भिंत पुन्हा काढली आणि 'ड्रॉन बाय'मध्ये पूर्ण नाव घातलं.

दादा, तू हे वाचणार हे मला ठाऊक आहे. काठ्या आणि झिरमिळ्या दुसरीकडे ठेव. नळकांडं मला परत पाहिजे.