पार्किंगच्या दंडावरून सीसीजे लागलंय, आता काय करायचं?

ह्या वेळी जवळजवळ सगळे प्रश्न एकाच विषयावर आलेत. इंग्लंडमधला प्रायव्हेट पार्किंगचा दंड आणि तो न भरल्यामुळे लागलेलं सीसीजे, म्हणजे काउंटी कोर्टाचं जजमेंट. म्हणून एकत्रच घेतो. काउन्सिलच्या दंडाची प्रोसेस पूर्ण वेगळी असते, ती ह्यात धरू नका.

प्रश्न (रेडिंग): दोन वर्षांपूर्वी आम्ही स्लाऊहून इकडे आलो. आता मॉर्गेजला अप्लाय केलं तर रिजेक्ट, क्रेडिट रिपोर्ट काढला तर २६० पौंडांचं सीसीजे, आठ महिन्यांपूर्वीचं! एकही पत्र मिळालं नाही. लगेच भरून मोकळं व्हावं का?

नाही ताई, आधी थांबा. जजमेंटच्या तारखेपासून एक महिन्यात पूर्ण पैसे भरले तर नोंद जजमेंटच्या सरकारी रजिस्टरवरून साफ निघून जाते, पण तो महिना तुमचा केव्हाच संपला. आता भरलेत तर नोंदीपुढे फक्त 'सॅटिस्फाइड' असं लागेल आणि ती ६ वर्षं तशीच राहील, आणि मॉर्गेजवाल्यांना ती दिसणारच. तुम्हाला जजमेंट सेट असाइड करून घ्यायचंय, म्हणजे कोर्टाकडूनच रद्द.

रिपोर्टवर केस नंबर, रक्कम, तारीख असते, पण दावा कोणी केला ते नसतं. त्यामुळे पहिला फोन कोर्टाला. असे बहुतेक दावे नॉर्थॅम्प्टनच्या सिव्हिल नॅशनल बिझनेस सेंटरमधून निघतात. केस नंबर सांगून कंपनीचं नाव आणि क्लेम फॉर्म, म्हणजे दाव्याचा कोर्टाचा कागद, कुठल्या पत्त्यावर गेला ते विचारा, दोन्ही लिहून ठेवा.

बहुतेक तो स्लाऊलाच गेलेला असणार, कारण कंपनीला पत्ता डीव्हीएलएकडून, म्हणजे गाड्यांची आणि लायसन्सची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडून मिळतो. आणि इथेच आपली मंडळी हमखास फसतात. लायसन्सवरचा पत्ता बदलतात आणि वाटतं झालं काम, पण गाडीचं लॉग बुक, म्हणजे व्ही५सी, त्याची नोंद वेगळी असते, ती वेगळी बदलावी लागते, ऑनलाइन होते, फुकट होते, तरी राहते. तुमची राहिली असेल तर आजच करा, नाहीतर पुढचं पत्रही स्लाऊलाच.

मग एन२४४ फॉर्म, म्हणजे कोर्टाला करायचा अर्ज. सोबत विटनेस स्टेटमेंट (काय घडलं ते तुमच्या सहीने), ड्राफ्ट ऑर्डर (जजकडून हवा असलेला हुकूम लिहून), आणि मूळ दंड का लागू नाही ह्याचा थोडक्यात बचाव. पत्त्याचा पुरावा म्हणून टेनन्सी अ‍ॅग्रीमेंट आणि रेडिंगचं काउन्सिल टॅक्सचं बिल जोडा. फी तीनशे पौंडांच्या आसपास आहे, म्हणजे दंडापेक्षा जास्त, हसावं की रडावं! इन्कम कमी असेल तर ईएक्स१६० फॉर्मवर फीमाफी मागता येते. आणि ड्राफ्ट ऑर्डरमध्ये फी कंपनीने द्यावी असं मागायला विसरू नका.

मुद्दे दोन. पत्ता जुना झालाय असं वाटायला कंपनीकडे कारण होतं तर तिने नवा शोधायला हवा होता, हा पहिला. वर्षभर पत्रांना काहीच उत्तर नाही, तरी त्याच पत्त्यावर दावा ठोकला, हे ठळक लिहा. आणि जजमेंटनंतर वसुलीचं पत्र बरोब्बर रेडिंगला आलं असेल तर तेही जोडा, आत्ता पत्ता सापडला तर तेव्हा का नाही सापडला? जजला हे पटलं नाही तर दुसरा मुद्दा, की बचावात खरंच दम आहे. मात्र लॉग बुक तुम्हीच बदललं नसेल तर पहिल्यावरच विसंबून राहू नका. आणि कळल्यावर तुम्ही किती लवकर अर्ज केलात हे जज बघतातच, तेव्हा दिवाळीनंतर बघू असं करू नका.

प्रश्न (हाउन्सलो): गणपतीच्या कार्यक्रमाला हॉलशेजारच्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी लावली होती. गाडी बायकोच्या नावावर, चालवत मी होतो. आता तिच्या नावाने क्लेम फॉर्म आलाय. मित्र म्हणतात ही पत्रं कचऱ्यात टाक, काही होत नाही.

मित्रांना सांगा तो जमाना गेला. २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्टनंतर इंग्लंड-वेल्समध्ये अटी पाळल्या असतील तर गाडी ज्याच्या नावावर त्याच्याकडून पैसे मागता येतात, आणि २०१५ मध्ये चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमधला ८५ पौंडांचा दंड सुप्रीम कोर्टाने चक्क मान्य केला, पार्किंगआय विरुद्ध बीविस ही ती केस. कलेक्शन एजन्सीच्या लाल अक्षरातल्या पत्रांना घाबरू नका हे ठीक, पण क्लेम फॉर्म कोर्टाचा असतो, तो कचऱ्यात टाकला की न भांडताच हरलात.

फॉर्मवरची इश्यूची तारीख बघा. अधिक ५ दिवस म्हणजे तो पोचला असं धरतात, तिथून १४ दिवस उत्तराला. त्या मुदतीत ऑनलाइन अ‍ॅक्नॉलेजमेंट टाकली, म्हणजे दावा मिळाल्याची पोच दिली (पासवर्ड फॉर्मवरच असतो), की १४ चे २८ होतात. हे आज रात्रीच करा, आणि बायकोच्या नावाने करा, दावा तिच्यावर आहे. बचाव नंतर निवांत लिहा.

बचावात काय? कॅमेऱ्याने पकडलं असेल आणि काचेवर तिकीट लावलेलं नसेल तर कंपनीचं पहिलं पत्र १४ दिवसांच्या आत पोचायला हवं. उशीर झाला असेल तर त्या कायद्याखाली बायकोकडून पैसे मागता येत नाहीत. मग तिने खोटं बोलायचं का, मीच चालवत होते किंवा आठवत नाही वगैरे? अजिबात नाही, स्टेटमेंट ऑफ ट्रूथवर, म्हणजे लिहिलंय ते खरं आहे ह्या निवेदनावर, सही असते. 'मी चालवत नव्हते' हेच खरं आहे आणि तेवढंच पुरेसं आहे. शिवाय १०० च्या दंडावर वसुलीचे म्हणून जे ७० पौंड चढवतात त्यावर स्वतंत्र हरकत घ्या, काही जज ते काढून टाकतात. आणि समजा हरलात तरी आभाळ कोसळत नाही. जजमेंटनंतर महिन्याच्या आत भरा, नोंद राहत नाही.

प्रश्न (मिल्टन कीन्स): सीसीजे लागलंय, पैसे भरलेले नाहीत. दिवसा घरी सासूबाई एकट्या असतात, त्यांना इंग्रजी येत नाही. बेलिफ आला तर?

बेलिफ म्हणजे वसुलीसाठी वस्तू जप्त करू शकणारा अधिकारी. म्हणून दारात आलेला कोण आहे ते आधी बघायचं. कलेक्शन एजन्सीचा माणूस बेलिफ नसतो, त्याला कसलाच अधिकार नाही. खरा कोर्टाचा बेलिफ यायच्या आधी साधारण आठवडाभराची लेखी नोटीस येते, आणि ६०० पौंडांखालची वसुली टीव्हीत दाखवतात त्या हायकोर्टवाल्यांकडे जातच नाही. ह्या प्रकारच्या वसुलीत पहिल्या भेटीला बेलिफ जबरदस्तीने घरात शिरू शकत नाही, पण उघड्या दारातून आत येऊ शकतो, म्हणून सासूबाईंना एवढंच सांगा, दार उघडायचं नाही, लेटरबॉक्समधून तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी द्यायची. त्यांच्या वस्तूंना त्याला हात लावता येत नाही. बाहेर उभी असलेली तुमची गाडी मात्र त्याच्या नजरेत असते. सेट असाइडचा अर्ज करणार असाल तर वसुलीला स्थगिती त्याच अर्जात मागा.

प्रश्न (लेस्टर): पुढच्या वर्षी आयएलआर, म्हणजे यूकेत कायम राहण्याच्या परवानगीचा अर्ज आहे. सीसीजेमुळे अडेल का? सांगितलंच नाही तर?

सीसीजे म्हणजे गुन्हा नाही, आणि भरून टाकलेल्या एका पार्किंगच्या जजमेंटवरून अर्ज फेटाळतील असं मला वाटत नाही. लपवलंत तर मात्र खरी पंचाईत. कर्ज न भरल्याबद्दल सिव्हिल कोर्टाचं जजमेंट झालंय का असा प्रश्न व्हिसाच्या फॉर्मवर असतो, तिथे सरळ 'हो' लिहा, दोन ओळीत कारण, पैसे भरल्याची पावती जोडा. न भरता 'हो' लिहिण्यापेक्षा भरून लिहिलेलं कधीही बरं. सेट असाइड झालं असेल तरी ऑर्डरची कॉपी जपून ठेवा.

प्रश्न (पुणे): आम्ही गाडी विकून कायमचे परत आलो. वेम्ब्लीत आमच्या जुन्या पत्त्यावर आता धाकटा भाऊ राहतो, त्याला माझ्या नावाची पत्रं येतात, जजमेंट झालंय म्हणे. त्याच्या क्रेडिटवर परिणाम होईल का?

नाही, जजमेंट तुमच्या नावावर आहे, पत्ता एक म्हणून भावाचं क्रेडिट बिघडत नाही. जॉइंट अकाउंट किंवा एकत्र कर्ज असेल तर मात्र तुमची दोघांची फाइल जोडलेली असते, मग बघावं लागेल. भावाने कंपनीला लेखी कळवावं की तुम्ही इथे राहत नाही, घरातलं सामान त्याचं आहे. एवढ्याशा रकमेसाठी पुण्यापर्यंत कोणी येईल असं मला तरी वाटत नाही, पण पुन्हा यूकेला जायचा विचार असेल तर सोडून देऊ नका. दावा लागला तेव्हा तुम्ही देश सोडलेला होता ना? मग पासपोर्टवरचा भारतात उतरल्याचा शिक्का आणि गाडी विकल्याचा डीव्हीएलएचा कागद काढा, एन२४४ भारतातूनही भरता येतो. हिअरिंग व्हिडिओवर घ्यावं अशी विनंती अर्जातच करा आणि वेळेतला फरकही कळवा.