यूएफडी, पीआयडीची साखळी घोकण्याआधी हे कर

अरे रिंग, म्हणजे बेरीज-वजाबाकी-गुणाकार चालणारे सेट, त्यांची फील्ड (शून्य सोडून कशानेही भागता येतं), मग युक्लिडियन (बाकी ठेवून भागाकार चालतो), मग पीआयडी (प्रत्येक आयडियल, म्हणजे बेरजेला आणि रिंगमधल्या कशानेही गुणायला बंद असलेला उपसंच, एकाच जनरेटरच्या पटींचा), मग यूएफडी (अवयव एकाच तऱ्हेने पडतात), मग इंटिग्रल डोमेन (शून्य नसलेल्या दोघांचा गुणाकार शून्य येत नाही) ही साखळी सगळेच घोकतात, पण पेपरात विचारतात ती उलटी कुठे तुटते ते. म्हणून प्रत्येक पायरीला एक उदाहरण हाताशी ठेव.

डोमेनमधली खरी सोय म्हणजे कॅन्सल करता येतं. मॉड्युलो ६ मध्ये २×१ आणि २×४ सारखेच येतात, तिथे २ उडवलास की संपलं, कारण ते डोमेन नाही.

डोमेन असून यूएफडी नाही, त्याचं √−५ वालं उदाहरण मात्र स्वतः वहीत कर, नुसतं वाचून सोडू नकोस. अ+ब√−५ असे नंबर घे, अ आणि ब पूर्णांक, मग ६ म्हणजे २×३ पण आणि (१+√−५)(१−√−५) पण. नॉर्म अ²+५ब², तो गुणाकाराला गुणाकार देतो, २ चा नॉर्म ४, म्हणजे २ फुटायचा तर नॉर्म २ वाला कोणीतरी लागेल आणि तसा कोणी नाहीच. म्हणून २ इर्रिड्युसिबल (आणखी न फुटणारा), पण तो त्या दोन कंसांच्या गुणाकाराला भागतो आणि एकाही कंसाला सुटा भागत नाही, म्हणजे प्राइम (गुणाकाराला भागला तर एका तरी घटकाला भागणारा) नाही! एमएस्सीवाले पण इथे गडबडतात.

यूएफडी पण पीआयडी नाही यासाठी पूर्णांक कोइफिशियंटवाली पॉलिनॉमियल रिंग, २ आणि एक्सचं आयडियल एका जनरेटरने येत नाही. पीआयडी असून युक्लिडियन नाही, त्याला पूर्णांकांत (१+√−१९)/२ घालून होणारी रिंग, प्रूफ सध्या सोड.

आणि फायनाईट डोमेन फील्डच असतं, हे फुकटचे मार्क आहेत: शून्य नसलेल्या अ ने गुणणं वन-वन, सेट फायनाईट म्हणून ऑन्टो, म्हणजे १ पण येतोच, आणि अ चा व्यस्त मिळाला.