फासा टाकायला लावण्याआधी

हे बघ, डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारखा, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ तू खेळाडूंसाठी चालवतोयस ना, मग गोष्टीतलं जे कुलूप उघडलं नाही तर खेळच अडेल, तिथे फाशावर साधं 'जमलं की नाही' ठेवूच नकोस. मी ठेवलं होतं. खेळाडूंची अख्खी टोळी तासभर दारापुढे बसून! फासा कमी पडला तरी कुलूप उघडू दे, फक्त खडखडाटाने पहारेकरी जागा होऊ दे.

आणि खेळाडूच्या 'मी पहारेकऱ्याला पटवतो' एवढ्यावर फासा देऊ नकोस. काय बोलतोस, ते विचार. पहारेकऱ्याला काय हवंय, कशाची भीती आहे, हे तू आधीच ठरवून ठेव. खेळाडूने तेच हेरलं तर फासा कशाला?

काम जमायला गाठायचा आकडा हवाच असेल तर डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत मध्यम कामाला १५, अवघड कामाला २०. मी बहुतेकदा १५ वरच भागवतो.