युद्धात बोटीसह बुडालेल्या खलाशी पणजोबांची माहिती कुठे आणि कशी शोधावी?

आपले पणजोबा पाटण तालुक्यातून मुंबईला गेले, बोटीवर खलाशी झाले, दुसऱ्या महायुद्धात त्यांची बोट बुडाली आणि ते परत आले नाहीत. घरात फोटो नाही, कागद नाही, बोटीचे नावही कोणाला ठाऊक नाही, तर शोध कुठून सुरू करावा, असे आपण विचारले आहे. मी सांगलीचा रहिवासी आहे. माझ्या आजीचे थोरले बंधू शिराळ्याच्या बाजूने असेच बोटीवर गेले आणि तिकडेच राहिले. त्यांचा माग काढताना माझे एक मत पक्के झाले, ते असे की लंडनच्या दप्तरांची दारे ठोठावण्याआधी तलाठी आणि तहसील कचेरीतले कागद पाहावेत, कारण खलाशाचे घरच्यांना माहीत असलेले नाव आणि बोटीच्या यादीतले नाव यांची सांगड घालणारा दुवा बहुधा गावातच असतो.

त्याही आधी ‘बोटीवर होते’ या घरगुती वाक्याचा अर्थ निश्चित करावा लागेल. त्या काळी आपल्याकडे मालवाहू कंपनीच्या जहाजावरचा खलाशी किंवा आगवाला (भट्टीत कोळसा घालणारा), रॉयल इंडियन नेव्हीतला नाविक, जहाजातून इराक किंवा आफ्रिकेकडे निघालेला पलटणीतला शिपाई आणि मुंबईच्या गोदीत माल चढवणारा कामगार, या सर्वांबद्दल असेच बोलले जाई. प्रत्येकाची नोंद वेगळ्या ठिकाणी सापडते. सातारा जिल्ह्याने सैन्याला मुबलक माणसे दिली, व्यापारी जहाजांना मात्र मुख्यतः रत्नागिरीने दिली. परंतु जहाजावरची भरती बहुतेक वेळा सारंगामार्फत, म्हणजे खलाशांच्या मुकादमामार्फत, होई आणि सारंग आपल्या ओळखीपाळखीतली माणसे घेई. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, तेव्हा पाटणचा तरुण एखाद्या कोकणी सारंगाच्या हाताखाली लागला असेल तर त्यात नवल नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना काही नेमके प्रश्न विचारा: ते गणवेशात गावी येत का, मनीऑर्डर कोण पाठवी, मृत्यूनंतर पणजीला कसले निवृत्तिवेतन मिळत असे का, बातमी तारेने आली की गावच्या कोणी सांगितली. ‘बोट बुडाली’ एवढ्याच आठवणीवर विसंबू नका. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला, त्यात मेलेल्या कितीतरी जणांची ओळख पटली नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट सहाशेहून अधिक माणसांसह बुडाली. तिसऱ्या पिढीच्या तोंडी अशा घटना एकमेकींत सहज मिसळतात.

आता गावच्या कागदांकडे येऊ. कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या गाव नोंदवहीत, समुद्रात झालेला मृत्यू सहसा मिळणार नाही, कारण तो गावात झालेला नसतो. त्या वहीत पणजोबांच्या वडिलांचे नाव आणि त्यांच्या मुलाबाळांच्या जन्माच्या तारखा मात्र मिळू शकतात, आणि त्यांवरून ते गावी शेवटचे केव्हा आले असतील याचा अंदाज बांधता येतो. खरा आधार फेरफार आणि वारस नोंदींचा. थोडीशी जरी जमीन त्यांच्या नावावर असेल, तर कधी ना कधी नाव कमी करून पत्नीचे किंवा मुलांचे नाव लागलेले असते, आणि त्या नोंदीत खातेदार केव्हा व कसा मयत झाला हे लिहिलेले असण्याची शक्यता असते. आमच्या बाबतीत वर्ष याच नोंदीने दिले. ‘बोटीवर असता मयत’ एवढेच शब्द होते, पण तोवर घरात दोन वेगवेगळ्या दशकांवरून वाद चालत असे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव आणि अंदाजे वर्षे देऊन नकलेसाठी अर्ज करा. वतनदार कुलकर्ण्यांच्या हातचे लिखाण मोडीत असू शकते, म्हणून मोडी वाचणारा माणूस सोबत असावा. नाव कमी व्हायला कधीकधी बरीच वर्षे गेलेली दिसतात, कारण सात वर्षे ज्याची काही खबर नाही त्याला मृत धरण्याची तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती. त्यामुळे फेरफाराची तारीख हीच मृत्यूची तारीख असे मानू नये.

आपले मूळ गाव कोयनेच्या जलाशयात गेले असेल, तर गाव बुडाले म्हणून कागदही गेले असे समजू नका. पाटण आणि जावळी तालुक्यांतली गावे उठवताना जमिनीच्या भरपाईसाठी प्रत्येक खातेदार आणि त्याचे वारस निश्चित करावे लागले होते. हे काम युद्धानंतर वीस वर्षांच्या आत झाले, म्हणजे पणजोबांना पाहिलेली माणसे तेव्हा जबाब द्यायला हयात होती. भूसंपादनाच्या निवाड्यांची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पुनर्वसन शाखेत करा. मला यात सर्वांत जास्त आशा वाटते.

सरकारी कागदांबाहेरचे दोन मार्ग आपल्या भागात विशेष उपयोगी आहेत. सांगली-कोल्हापूरकडच्या पुष्कळ घराण्यांच्या वंशावळी हेळव्यांच्या, म्हणजे पिढीजात वंशावळ सांगणाऱ्यांच्या, वह्यांत आहेत. ते अजूनही गावोगाव फिरतात, आणि कोणता पुरुष निपुत्रिक गेला, कोण परागंदा झाला हे वाचून दाखवतात. दुसरा मार्ग तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा. देह न सापडलेल्या माणसाची क्रिया दर्भाचा पुतळा करून केली जाते, आणि अपमृत्यू झालेल्यासाठी नारायणबळी करायला अनेक घरे त्र्यंबकेश्वरी जातात. आपल्या घरातून कोणी गेले असल्यास तिथल्या उपाध्यायांच्या वहीत वर्षासह नोंद असू शकते. पक्ष कोणत्या तिथीला घालतात हेही विचारून ठेवा. सर्वपित्रीलाच घालत असतील तर मृत्यूची तिथी घरच्यांना माहीत नव्हती असे समजावे. निश्चित तिथी असेल तर पंचांगावरून तारीख काढता येते, मात्र ती बातमी पोहोचल्याचीही असू शकते.

वडिलांचे नाव आणि अंदाजे वर्ष हाती आले की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे दोन्ही महायुद्धांतील राष्ट्रकुलाच्या मृतांची नोंद ठेवणाऱ्या आयोगाच्या, संकेतस्थळावर शोध घ्या. तो विनामूल्य आहे. ज्यांना समुद्राखेरीज दुसरे थडगे नाही अशा अविभाजित भारताच्या खलाशांची व नाविकांची नावे तिथे स्मारकांनुसार दिली आहेत: पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक नावे मुंबईच्या मस्जिद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकावर, आणि दुसऱ्या महायुद्धातील सुमारे साडेसहा हजार नावे मुंबई व चितगाव येथील स्मृतिग्रंथांत. नेहमीप्रमाणे आडनाव टाकून शोधल्यास बहुधा काहीच हाती येत नाही. खलाशांची नोंद पुष्कळदा आडनावाशिवाय, नुसते नाव किंवा नाव आणि वडिलांचे नाव अशी असते, आणि शेवटचा शब्द आडनावाच्या रकान्यात जातो. विठोबा इंग्रजीत व्हीने सुरू होईल किंवा डब्ल्यूने, गणपतमध्ये ए येईल किंवा यू. सर्व रूपे करून पाहावी लागतात. जिल्ह्याबाबतही सावध राहा. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे शिराळा, वाळवा, तासगावच्या माणसापुढे युद्धाच्या नोंदीत सातारा असेच लिहिलेले असणार. आपल्याबाबत अडचण निराळी आहे, गुजरातमध्येही एक पाटण आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या: व्यापारी खलाशाचे नाव या यादीत यायला मृत्यू युद्धाच्या कारणाने झालेला असावा लागतो. जो आजारपणाने किंवा शिडीवरून पडून गेला, तो तिथे सापडणार नाही.

नोंद सापडली की बोटीचे नाव बहुतेक त्यातच असते, आणि पुढचे काम पुष्कळ सोपे होते. जर्मन पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांची तारीख, जागा आणि काही वेळा मृतांची नावेही यू-बोट डॉट नेटवर आहेत. घरात बोटीचे अर्धवट नाव आठवत असेल तर तेही टाकून देऊ नका. ‘जल’ने सुरू होणारे नाव असेल तर सिंदिया या भारतीय जहाज कंपनीकडे पाहावे, तिच्या ‘जलराजन’ आणि ‘जलतरंग’ या बोटी १९४२ च्या जानेवारीत जपानी पाणबुड्यांनी बुडवल्या. ब्रिटिश नोंदणीच्या जहाजांवरील मृत्यूंच्या नोंदवह्या आणि दुसऱ्या महायुद्धातील खलाशांच्या करारयाद्या (प्रत्येक बोटीवर कामाला घेतलेल्यांच्या याद्या) लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मृत्यूच्या नोंदींचा वर्ग बीटी ३३४ आणि १९३९ ते १९५० च्या करारयाद्यांचा बीटी ३८१. ज्यांचे मरण युद्धाच्या कारणाने आले नाही, त्यांच्यासाठी बीटी ३३४ हाच मार्ग. बोटीचे नाव हाती नसताना मात्र या दप्तरात शिरू नये, वेळ आणि पैसा दोन्ही जातील. घरच्या आठवणींवरून ते नौदलात होते असे दिसले, तर प्रथम साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी.

यादीत नाव चुकीचे असेल, किंवा पुरावा असूनही ते नसेलच, तर आयोग दुरुस्तीचे आणि नव्याने नाव घालण्याचे अर्ज स्वीकारतो. त्यासाठी समकालीन कागद लागतो, घरची आठवण पुरत नाही. फेरफाराची प्रमाणित नक्कल, तिचे इंग्रजी भाषांतर, तार किंवा निवृत्तिवेतनाचा कागद असल्यास तो, आणि पणजोबांपासून आपल्यापर्यंतचा वंशवृक्ष एवढे एकत्र करूनच अर्ज पाठवा. मोडीतल्या नोंदीसोबत तिचे देवनागरी लिप्यंतरही जोडा.