मिस्टर दारू सोडायला तयार आहेत. पुण्यात एएची मराठी मीटिंग कशी शोधू?

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना मदत करणारी संघटना. तिच्या भारतातल्या वेबसाइटवर हेल्पलाइन नंबर मिळेल. त्यावर मिस्टरांना स्वतः फोन करू द्या आणि घराजवळची मराठी मीटिंग विचारू द्या. यादीतली जागा-वेळ कधीकधी बदललेली असते, म्हणून फोनच बरा. मी स्वतः एएमध्ये आहे. फोन उचलणारा बहुतेक वेळा दारू सोडलेलाच कुणीतरी असतो, आणि नवीन माणसाला न्यायला तो आनंदाने गेटपर्यंत येतो. मीटिंग बहुतेक शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये भरते. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते, त्यात नवख्याने काही टाकायची गरज नसते. पहिल्या दिवशी नुसतं ऐकत बसलं तरी चालतं. तुम्हाला सोबत जायचं असेल तर ‘ओपन’ मीटिंग आहे का, हे आधी विचारा. ‘क्लोज्ड’ फक्त दारूचा त्रास असणाऱ्यांसाठी असते. तुमच्यासाठी अल-अनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट आहे, तिथे जरूर जा, ताई.

एक मात्र सांभाळा: ते रोज भरपूर पीत असतील तर एकदम बंद करू देऊ नका. हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असं होऊ शकतं, ते जिवावरही बेततं. आधी डॉक्टरांना किंवा मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखवा.